चाळीस पानांचा प्रबंध

पीएच.डी. म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा एक जाडजूड ग्रंथ उभा राहतो. पाने जितकी जास्त तितकी विद्वत्ता मोठी, असा आपला साधा हिशेब असतो. हा हिशेब खोटा ठरवणारी एक मराठी स्त्री होऊन गेली. केंब्रिजसारख्या जगप्रसिद्ध विद्यापीठाला त्यांनी अवघ्या चाळीस टंकलिखित पानांचा प्रबंध सादर केला आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रोज लोंढ्याहून गाडीने कॉलेजला येतो. शाळा मराठी माध्यमाची, बाजारातली भाषा मराठी आणि कन्नड अशी दोन्ही. जीवरसायनशास्त्र या विषयाचा आणि माझा तसा काडीचाही संबंध नाही. मग या विषयातल्या संशोधिकेवर मी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्याच अभ्यासक्रमात आहे. आम्हाला लेखापरीक्षण शिकवतात. त्यातले पहिले तत्त्व असे की, ज्याने हिशेब लिहिला त्याने तो दुसऱ्यापुढे ठेवला पाहिजे आणि दुसऱ्याने विचारलेल्या प्रत्येक रकमेची पावती दाखवता आली पाहिजे. विज्ञानाच्या विभागात ज्याला सेमिनार म्हणतात ते मला याच जातीचे वाटते. संशोधकाने उभे राहून आपण काय केले ते सांगायचे आणि समोरच्यांनी पावत्या मागायच्या. कमलाबाईंचे चरित्र वाचताना मला सारखे हेच दिसत गेले. एकदा त्यांना हिशेब मांडण्याची जागाच नाकारली गेली. ती त्यांनी झगडून मिळवली आणि पुढे इतर अनेकांना मिळवून दिली.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. घराणे विद्याव्यासंगी. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या पहिल्या काही रसायनशास्त्रज्ञांत या दोघा भावांची गणना होते. मराठी वाचकांना या घराची दुसरी ओळख सांगितली की लगेच जवळीक वाटेल. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एकीने अनिष्ट वाटले तिथे लेखणीने विरोध केला, दुसरीने प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून केला. बाणा एकच.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि दुय्यम विषय पदार्थविज्ञान. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढचे संशोधन करायचे, हे त्यांनी मनाशी धरलेले होते. अर्ज बंगळूरला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी देशाची मान उंचावली होती, आणि या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्जदार मुलगी आहे, एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले.

इथे एक क्षण थांबले पाहिजे. १९३३ साली वीस-बावीस वर्षांच्या मुलीला नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने नाही म्हटल्यावर किती घरांनी तो निकाल मान्य करून स्थळे पाहायला सुरुवात केली असती! कमलाबाई मात्र बंगळूरला गेल्या. वडील-काकांनी घातलेली गळही रामन यांनी मानली नव्हती. तेव्हा कमलाबाईंनी स्वतःच नकाराचे कारण विचारले, आणि कारण मिळेना तेव्हा प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा आपला निश्चय त्यांनी कळवला. देशात गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. जे शस्त्र सरकारविरुद्ध चालत होते ते या मुलीने संचालकांच्या दारात नेले.

अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही. या तिसऱ्या अटीचा अर्थ उघड आहे. पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित झाले तर दोष बाईंचा. आमच्या भाषेत सांगायचे तर खाते उघडण्याआधीच त्यांच्या नावावर कर्ज लिहून ठेवले गेले होते. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी स्त्री वैज्ञानिकांच्या सभेत बोलताना त्यांनी रामन यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या संकुचितपणाचाही उल्लेख केला. मोठ्या माणसाला मोठे म्हणावे आणि त्याची चूक चूक म्हणून नोंदवावी, ही जमाखर्चाची खरी रीत.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. विषयावर आजवर कोणी काय लिहिले आहे ते आधी वाचायचे, नव्याने काय प्रसिद्ध होते त्यावर नजर ठेवायची आणि शंका आली तर त्या त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारायची, ही सवय त्यांनी कमलाबाईंना लावली. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा कमलाबाईंचा विषय. आपल्या देशातला गरीब माणूस प्रथिनांसाठी डाळी-उसळींवर अवलंबून असतो, तेव्हा त्यांत नेमके काय आहे याचा शोध हा पोटाचा प्रश्न होता. वर्षभराने रामन यांनी काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. एकीने रात्री जागवून दिलेल्या परीक्षेवर मागून येणाऱ्या सगळ्याजणी पास झाल्या.

तिथल्या कामावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवून, शिष्यवृत्ती घेऊन कमलाबाई १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. म्हणजे या मुलीच्या वाट्याला चार-पाच वर्षांत दोन नोबेल विजेते आले. पहिल्याने दार लावून घेतले होते, दुसऱ्याचे दार मुळात उघडेच होते. हॉपकिन्स यांच्या विभागात त्या काळी इतर ठिकाणच्या मानाने बऱ्याच स्त्रिया संशोधन करीत. चहाच्या निमित्ताने मंडळी जमत, कोणीतरी आपले काम सांगे आणि बाकीचे प्रश्न विचारीत. नवखा विद्यार्थी असो की नामवंत प्राध्यापक, प्रश्नाला सगळे सारखेच बांधील.

आरंभी डॉ. डेरेक रिक्टर यांनी कमलाबाईंना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. ते दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नातून शक्ती मिळवतात आणि त्या कामी सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये लागतात, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दाखवले होते. वनस्पतीही श्वसन करतात, पण त्यांच्या पेशींत हीच व्यवस्था आहे काय? कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. तोच आपल्या भाजीतला बटाटा! त्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आणि त्याच्या साहाय्याने चालणारी ऑक्सिडीकरणाची क्रिया त्यांनी दाखवून दिली. हिल यांच्यासमवेत या विषयावरचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशी शक्ती मिळवण्याच्या बाबतीत एकाच कुळाच्या आहेत, या समजुतीला त्यामुळे बळकटी आली.

हे सारे काम चौदा महिन्यांचे आणि प्रबंध चाळीस पानांचा. कारण त्यात जे केले तेवढेच लिहिले होते. ताळेबंदात न झालेला व्यवहार लिहून पाने वाढवता येत नाहीत, तसेच हे. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळवली होती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. पहिली कोण यावर वाद घालण्यापेक्षा दोघींनाही किती एकटे चालावे लागले असेल, याचा विचार करावा.

हे सेमिनार प्रकरण असते तरी कसे, ते मला माझ्या अक्कामुळे पाहायला मिळाले. माझी थोरली बहीण धारवाडला जीवशास्त्राच्या एका विभागात पीएच.डी. करते. मराठीत ज्याला आपण हुलगे किंवा कुळीथ म्हणतो आणि कन्नडमध्ये हुरळी, ते तिचे धान्य. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारा एक पदार्थ असतो. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारे विकर. त्याला अडथळा झाला की खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने, शिजवल्याने हा अडथळा किती कमी होतो, ते अक्का मोजत होती.

तिच्या सेमिनारला मी मागच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर तक्ते, समोर अध्यापक, बाजूला बरोबरीचे विद्यार्थी. अक्का इंग्रजीत पाठ केल्यासारखी बोलत गेली. मग प्रश्न सुरू झाले. एका वयस्कर अध्यापकांनी विचारले की, हुलगे भिजवलेल्या पाण्यात तो पदार्थ किती उतरला, ते मोजले का? अक्का थांबली. ते पाणी तिने ओतून टाकले होते. आपल्या घरी आई टाकते तसेच. ती इंग्रजीत काहीतरी जुळवू लागली, पण वाक्य पुरे होईना. तेव्हा त्याच अध्यापकांनी तिला कन्नडमध्ये बोलायला सुचवले. अक्काची शाळा माझ्यासारखीच मराठी. कन्नड ती लोंढ्याच्या फलाटावर आणि शेजारच्या घरात शिकलेली. पण त्या भाषेत ती धडाधड बोलू लागली. पाणी का टाकले, ते मोजले नाही तर हिशेबात कुठे भोक राहते आणि आता प्रयोग कसा पुन्हा करावा लागेल, हे तिने स्वतःच सांगून टाकले. खोलीत कोणी हसले नाही. दोघा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घेतले.

घरी परतताना तिला फार वाईट वाटत होते. दोन महिन्यांचे काम पुन्हा करायचे म्हणजे विद्यावेतनाचे दोन महिने गेले. इकडे नातेवाइकांचे प्रश्न वेगळेच. हे शिक्षण संपणार कधी आणि लग्न कधी, असे आत्या दर सणाला विचारते. तिच्या प्रश्नाला सेमिनारमध्ये उत्तर नाही. मला मात्र त्या दिवशी सेमिनारचा अर्थ कळला. चूक घरात राहिली असती तर ती प्रबंधात छापली गेली असती. चार माणसांसमोर आली म्हणून दुरुस्त होऊ शकली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध देण्यापूर्वी विद्यार्थ्याला सल्लागार समितीपुढे आपले काम मांडावे लागते, आणि ते ऐकायला विभागातील इतर अध्यापकांना व विद्यार्थ्यांनाही मुभा असते. ही मुभा म्हणजे केवळ उपचार नव्हे, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आणि अक्काचा हा विषय एकेकाळी कमलाबाईंच्या प्रयोगशाळेतला. त्या १९३९ साली मायदेशी परतल्या. परदेशात राहून नाव कमावणे त्यांना अवघड नव्हते, पण ओढ इकडची होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती व्यवसायाने ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचे गणित मांडणारे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे कौतुक वाटल्यास नवल नाही! नंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

कमलाबाईंच्या आयुष्यातला हा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. केंब्रिजची पदवी त्यांच्या एकटीची होती. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांची पिढी घडवली. विषय सगळे आपल्या ताटातले आणि आपल्या रानातले. वाल-पावट्यातील ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि ते काम १९५५ साली ‘नेचर’मध्ये छापून आले. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून खाऊ घालीत. त्या खटाटोपामागचे एक कारण इथे परीक्षानळीत सापडले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे माडाचा किंवा ताडाचा न आंबलेला गोड रस. ऊन चढले की तो आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. अनेक वर्षे, अनेक विद्यार्थ्यांच्या हातून हे काम चालले. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला मिळत असे.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे उशिरा आले. योग्यता असून काही वर्षे वाट पाहावी लागली. जिला तरुणपणी विद्यार्थी म्हणून दारात थांबवले होते, तिला उतारवयात खुर्चीच्या दाराशी पुन्हा थांबावे लागले. पण एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या संचालक होऊनच त्या १९६९ साली निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरची त्यांची कामगिरी आमच्या वाणिज्य शाखेच्या अगदी जवळची. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा, म्हणजे ही संस्था त्याच्या वीस वर्षे आधीची. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा होत्या आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजची डॉक्टर बाई आता भेसळीवर बोलू लागली. पण तिच्या दृष्टीने हे काही वेगळे काम नव्हते. प्रयोगशाळेत संशोधकाला जो प्रश्न विचारायचा, तोच बाजारात व्यापाऱ्याला विचारायचा. सांगता ते दाखवा. आम्ही ग्राहक संरक्षण हा विषय परीक्षेसाठी पाठ करतो. त्यामागे अशा बायांचे कष्ट आहेत, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नसते.

आयुष्याच्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीला सन्मानाने बोलावले. परिषदेच्या महासंचालकपदी तेव्हा डॉ. सत्यवती होत्या. ज्या काळात मुलीला प्रयोगशाळेत घ्यावे की नाही यावर वाद होता, त्या काळातली विद्यार्थिनी आणि देशाच्या वैद्यकीय संशोधनाची धुरा वाहणारी स्त्री त्या दिवशी एका व्यासपीठावर आल्या. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या आरंभी जी जागा नाकारली गेली, तिथे शेवटी त्या मानाने उभ्या होत्या.

कमलाबाईंपासून काय घ्यावे? प्रत्येकाने केंब्रिजला जावे, असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची धाव बेळगाव-धारवाडपर्यंतच पोहोचेल, आणि त्यात कमीपणा नाही. आपल्या भोवती काय थोडे आहे? लोंढ्यापासून पुढे कॅसलरॉकपर्यंत नुसते रान. तिथल्याच एका चिमुकल्या बेडकाचे वर्णन ॲननडेल या प्राणिशास्त्रज्ञाने १९१९ साली प्रसिद्ध केले आणि कॅसलरॉकचे नाव शास्त्राच्या ग्रंथांत गेले. शोधाचा विषय आमच्या अंगणात आहे. कमी आहे ती चार माणसांसमोर उभे राहून सांगण्याची सवय, आणि ऐकणाऱ्यांत न हसता विचारण्याची.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी नांदतात. तसाच महिन्यातून एक तास आपल्या कॉलेजात ठेवावा. विज्ञानाच्या मुलीने आपल्या प्रयोगाबद्दल बोलावे, वाणिज्याच्या मुलाने आठवडी बाजाराच्या उलाढालीबद्दल, कला शाखेच्या कोणी गावच्या देवळातील शिलालेखाबद्दल. ज्याला जी भाषा जवळची त्याने त्या भाषेत बोलावे, आणि शेजाऱ्याने ती दुसऱ्या भाषेत समजावून द्यावी. प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसावे आणि पावत्या मागाव्यात. खर्च काही नाही. एक खोली, एक फळा आणि एक तास एवढेच हवे.

अक्काने हुलगे पुन्हा भिजत घातले आहेत. या खेपेला पाणी बाटलीत भरून, वर तारीख लिहून ठेवले आहे. त्या पाण्यातून काय निघेल ते तिच्या पुढच्या सेमिनारला कळेल.